त्रेसष्ट लोगो

वाचकाचं पत्र

ताई,

मी ग्राफिक डिझायनर आहे. शिक्षण संपून दोन वर्षं झाली. दिवसा एका लहान स्टुडिओत काम करते आणि रात्री लोगोच्या ऑनलाइन स्पर्धांमध्ये एन्ट्री पाठवते. गेल्या आठ महिन्यांत त्रेसष्ट स्पर्धा झाल्या. तीनदा शेवटच्या फेरीत पोचले, एकदा जिंकले. त्या एका विजयाचा मेल मी अजून अधूनमधून उघडून वाचते.

मागच्या महिन्यात हे स्टुडिओतल्या सरांना कळलं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्यासारख्या मुलांमुळेच उद्या डिझाइनला कुणी पैसे देणार नाही. फुकट राबून तू स्वतःचा आणि आमचा, सगळ्यांचाच धंदा बुडवते आहेस." माझा मोठा भाऊ याच्या अगदी उलट बोलतो. "ओळखीपाळखी नसलेल्या माणसाला दुसरं दार कुठलं? तिथे तुझं नाव-गाव कुणी विचारत नाही, फक्त काम बघतात," असं त्याचं म्हणणं. मला दोघांचंही पटतं, म्हणून जास्तच गोंधळ होतो.

आणखी एक. हल्ली कागदावर पहिली रेघ ओढतानाच मनात येतं, क्लायंट याला पाचपैकी किती स्टार देईल? पूर्वी असं व्हायचं नाही. सोबत हरलेले तीन लोगो पाठवते आहे.

मी हे थांबवू का? आणि मी खरंच धंदा बुडवते आहे का?

— एक वाचक


प्रिय मैत्रिणी,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुला झोपू देत नसणार. नाही, तू कुणाचा धंदा बुडवत नाहीस. रात्री जागून एन्ट्री पाठवणारी एक मुलगी एवढ्या मोठ्या व्यवसायाचा भाव पाडू शकत नाही. या स्पर्धांची रचना दुसऱ्यांनी उभी केली, नियम दुसऱ्यांनी लिहिले आणि प्रत्येक बक्षिसामागे शुल्कही दुसरेच घेतात. सरांचा राग खोटा नाही. त्यामागे भक्कम कारणं आहेत, त्यांच्याकडे मी येतेच. पण तो राग चारचौघांत तुझ्यावर काढायला नको होता.

"थांबवू का?" याला मात्र माझं उत्तर "बहुतेक हो" असं आहे. त्याचं कारण सर सांगतात त्याहून वेगळं आहे आणि ते तुझ्याच पत्रात, त्या स्टारांच्या वाक्यात, दडलेलं आहे.

आधी थोडा हिशेब करू. पत्रात तू स्पर्धा मोजल्यास, विजय मोजलास, तास मोजले नाहीस. ब्रीफ, म्हणजे क्लायंटने लिहून दिलेली कामाची माहिती, वाचणं, संदर्भ चाळणं, कच्ची रेखाटनं, दोन-तीन रंगसंगती, व्हिजिटिंग कार्डावर आणि पाटीवर लोगो कसा दिसेल ते मॉकअप, शिवाय क्लायंटने सुचवलेले बदल. एवढं सगळं धरून एका एन्ट्रीला चार तास लागतात असं समज. मला तर हे कमीच वाटतं. त्रेसष्ट गुणिले चार म्हणजे २५२ तास. आठवड्याला चाळीस तासांच्या नोकरीच्या मापाने हे सहा आठवड्यांपेक्षा जास्त पूर्णवेळ काम झालं, तेही दिवसभराची नोकरी करून. आता मिळालेल्या त्या एका बक्षिसाला २५२ ने भाग. आकडा कुणाला दाखवू नकोस, स्वतः एकदा नीट बघ.

हा आकडा लहान येण्याचं कारण तुझं काम कच्चं आहे हे नव्हे. नेहमीच्या कामात क्लायंट एक डिझायनर निवडतो, आगाऊ रक्कम देतो, आणि काम मनासारखं उतरेल की नाही ही जोखीम बऱ्याच अंशी स्वतः उचलतो. स्पर्धेत तीच जोखीम शंभर जणांत वाटली जाते आणि क्लायंटकडे जवळजवळ काहीच उरत नाही. शंभर माणसांनी चार-चार तास घातले की ४०० तासांचं काम गोळा होतं आणि त्यातल्या एकाच्याच कामाचे पैसे दिले जातात. तू हुशार असलीस तर हरणाऱ्या नव्व्याण्णवांत थोडी कमी वेळा असशील. पण नव्व्याण्णव तर उरणारच. रचनाच तशी आहे.

ही पद्धत फार जुनी नाही. "क्राउडसोर्सिंग", म्हणजे एकाला काम न देता ते खुल्या आवाहनाने अनेकांकडून करून घेणं, हा शब्द जेफ हाउ या पत्रकाराने २००६ साली वायर्ड मासिकातल्या लेखात रूढ केला. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या साइटपॉइंट या वेब डिझायनरांच्या कंपनीतून नाइन्टीनाइन डिझाइन्स ही अशा ऑनलाइन स्पर्धा चालवणारी कंपनी वेगळी निघाली. तिथले डिझायनर आधी आपापसात गंमत म्हणून चढाओढ करायचे. मग कुणीतरी खरं काम आणि खरं बक्षीस पुढे ठेवलं आणि खेळाचा व्यवसाय झाला. त्याच सुमाराला शिकागोत क्राउडस्प्रिंग आणि सिडनीत डिझाइनक्राउड सुरू झाल्या. २०२० मध्ये नाइन्टीनाइन डिझाइन्स ही व्हिस्टाप्रिंटच्या मूळ कंपनीने विकत घेतली. छपाईचं काम करणाऱ्या एवढ्या मोठ्या कंपनीला ती हवीशी वाटली, यावरून हा व्यवहार कुणासाठी फायद्याचा आहे याचा अंदाज येतो.

आता सरांची बाजू. पैशांची खात्री नसताना, काम पसंत पडलं तरच मोबदला, या बोलीवर केलेल्या कामाला या व्यवसायात "स्पेक वर्क" म्हणतात. त्याला विरोध करणारी नोस्पेक नावाची मोहीम २००६ पासून चालू आहे. १९१४ साली स्थापन झालेली एआयजीए ही अमेरिकेतली डिझायनरांची संस्था अशा कामाबद्दल सतत सावध करत आली आहे. कॅनडातल्या आरजीडी या संस्थेच्या सभासदांना तर स्पेक वर्क करण्याची मुभाच नाही. हे लोक जुन्या वळणाचे म्हणून आडमुठेपणा करतात असं समजू नकोस. त्यांचा मुख्य मुद्दा असा की डॉक्टरने तपासण्याआधी औषध लिहून द्यावं तसं हे होतं. रोग्याला बघितलेलंच नाही, तरी शंभर चिठ्ठ्या समोर, आणि त्यातली कुठली घ्यायची हे रोग्यानेच ठरवायचं.

ज्यांना पैसे देणं सहज शक्य आहे असे लोकही या वाटेला लागतात, तेव्हा सरांसारखी माणसं जास्त चिडतात. ऑक्टोबर २०१० मध्ये गॅप या कपड्यांच्या कंपनीने लोगो बदलला. लोकांनी तो धुडकावून लावल्यावर कंपनी म्हणाली की आता तुम्हीच आम्हाला तुमची डिझाइन्स पाठवा. डिझायनरांचा संताप उसळला आणि आठवडाभरातच जुना लोगो परत आला. पुढच्याच वर्षी बराक ओबामांच्या निवडणूक मोहिमेने पोस्टर स्पर्धा जाहीर केली. विषय होता रोजगार. विजेत्यांना मिळणार होती अध्यक्षांच्या सहीची, फ्रेम केलेली पोस्टरची प्रत. रोजगारावरची पोस्टरं बिनपगारी करून मागितली जात होती. त्या वेळी डिझायनर जे बोलले त्यातला शब्द न् शब्द मला रास्त वाटला होता आणि आजही वाटतो.

तुझ्या भावाचं म्हणणंही मी बाजूला सारणार नाही, कारण ओळख नसलेल्या माणसाला स्पर्धेने दार उघडून दिल्याची उदाहरणं खरी आहेत आणि मोठी आहेत. कचऱ्याच्या डब्यांवर, खोक्यांवर, बाटल्यांवर दिसणारं तीन बाणांचं पुनर्वापराचं चिन्ह घे. १९७० मध्ये कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीने विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा घेतली, पाचशेहून अधिक एन्ट्री आल्या आणि गॅरी अँडरसन हा तेवीस वर्षांचा विद्यार्थी जिंकला. परीक्षकांत सॉल बाससारखे नावाजलेले डिझायनर होते. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकाचं तसंच. १९८१ मध्ये १,४२१ प्रस्ताव आले होते, एकावरही नाव नव्हतं, फक्त क्रमांक. निवडला गेलेला क्रमांक होता १०२६. तो येल विद्यापीठात शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या माया लिनचा निघाला. नावं उघडी असती तर एवढ्या लहान मुलीची निवड झाली असती असं मला वाटत नाही.

टोकियो ऑलिंपिकचं उदाहरण तर सरांना जरूर सांग. बोधचिन्हाची पहिली स्पर्धा आयोजकांनी फक्त पुरस्कार मिळवलेल्या डिझायनरांपुरती ठेवली. १०४ प्रस्ताव आले, त्यातून निवडलेल्या बोधचिन्हावर नक्कल केल्याचा आरोप झाला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. मग स्पर्धा सगळ्यांना खुली केली. १४,५९९ प्रस्ताव आले आणि एप्रिल २०१६ मध्ये असाओ तोकोलो यांचं निळ्या चौकटींचं वर्तुळ निवडलं गेलं. दार बंद ठेवल्याने दर्जा राखला जातो, असं यावरून तरी म्हणता येत नाही.

मग या स्पर्धा आणि तुझ्या रात्रीच्या स्पर्धा यांत फरक काय? परीक्षक कोण ते आधी माहीत होतं आणि ते जाणकार होते. कारण सार्वजनिक होतं. विचार करायला वेळ होता. आणि अशी स्पर्धा माणूस आयुष्यात एकदा-दोनदा करतो, आठवड्यातून दोनदा नाही. तुझ्या स्पर्धांत परीक्षक म्हणजे स्वतः क्लायंट. त्याने बहुधा कधी लोगो निवडलेला नसतो, आणि मुदत सात-आठ दिवसांची. त्या बिचाऱ्याचाही यात दोष नाही. शंभर लोगो समोर ठेवले की कुणाचीही नजर बधिर होते, माझीसुद्धा झाली होती.

ते सांगते, कारण मी पलीकडच्या बाजूला बसलेली आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका लहान प्रकाशन संस्थेत मुखपृष्ठांचं काम बघत होते. आमची एक नवी पुस्तकमाला निघणार होती, मोठेपणी वाचायला शिकलेल्या माणसांसाठी. तिच्या चिन्हासाठी स्पर्धा घ्यायची असं वरून ठरलं. मी विरोध केला नाही. ऑनलाइन फॉर्म होता. मालिकेचं नाव, क्षेत्र, आवडते रंग, आवडलेले तीन लोगो, आणि "पारंपरिक" ते "आधुनिक", "गंभीर" ते "खेळकर" अशा पट्ट्यांवर एक खूण सरकवायची. वीस मिनिटांत ब्रीफ तयार झालं. मला त्या वेळी ते फार सोयीचं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी एक सुरेख घुबड आलं. दुमडलेल्या पानातून तयार झालेलं, दोन गोल डोळे, स्वच्छ रेषा. मी त्याला पाच स्टार दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून बघते तर घुबडंच घुबडं. डाव्या मानेची, उजव्या मानेची, चष्म्याची, पुस्तकावर बसलेली. ज्यांनी आधी वेगळं काही पाठवलं होतं त्यांनीही ते काढून घुबडं पाठवली. मी त्यांना दोष देत नाही. मी स्टार देऊन सांगितलंच होतं की मला काय हवं आहे, आणि माझ्याशी बोलायचा त्यांच्याकडे तेवढाच मार्ग होता.

डॅनियल ग्रॉस या अर्थशास्त्रज्ञाने अशाच लोगो स्पर्धांच्या नोंदींचा बारकाईने अभ्यास केला आहे. ज्याला चांगलं रेटिंग मिळालं आणि समोर तुल्यबळ कुणी नाही, तो आपल्याच डिझाइनमध्ये किरकोळ फेरफार करत राहतो. एखादा तुल्यबळ प्रतिस्पर्धी आला की तो खरोखर नवं काही करून बघतो. आणि तुल्यबळ लोक फार झाले की तो प्रयत्नच सोडून देतो. ते वाचलं तेव्हा मला ती सकाळ आठवली. शंभर जणांच्या गर्दीत नवं करून बघण्यात कुणाचाच फायदा उरत नाही.

घुबड जिंकलं. सहा महिन्यांनी आम्हाला कळवण्यात आलं की तेच घुबड एका स्टॉक चित्रसंग्रहात, म्हणजे कुणालाही वापरायला मिळणाऱ्या तयार चित्रांच्या साठ्यात, आहे. पानाची दुमड तेवढी ते पाठवणाऱ्या मुलाने वर चढवली होती. छापलेली मुखपृष्ठं बाजूला ठेवावी लागली. मी चिडले, खूप चिडले. मग विचार केला की एका आठवड्यात तो किती स्पर्धांना एन्ट्री पाठवत असेल. त्याने केलं ते चूकच होतं. पण घाईघाईत शंभर जणांकडून अंदाज मागवायचे आणि वर त्यातला प्रत्येक अस्सल असावा अशी अपेक्षा धरायची, ही माझीही चूक होती.

मग आम्ही एका डिझायनरला रीतसर काम दिलं. पहिल्या भेटीत तिने पेन्सिलसुद्धा काढली नाही. तिने विचारलं, "हे पुस्तक घेणारा माणूस ते कुठे बसून वाचतो?" मला उत्तर माहीत नव्हतं. आम्ही वर्ग चालवणाऱ्या शिक्षकांना विचारलं. ते म्हणाले, बरेच जण पुस्तक पिशवीत तळाशी ठेवतात, मुलांच्या पुस्तकासारखं दिसतं म्हणून कुणासमोर काढत नाहीत. ते ऐकून मी गप्प झाले. आम्ही घुबड निवडलं होतं. ज्ञानी, गोंडस, शाळेच्या वहीवर शोभेल असं. आमच्या वाचकाला ज्याची लाज वाटत होती नेमकं तेच आम्ही मुखपृष्ठावर लावलं होतं. नंतर झालेलं चिन्ह अगदी लहान होतं, एक साधा उभा ठसा, तोही मागच्या बाजूला. पाच स्टारच्या भाषेत बघितलं तर त्याला तीनसुद्धा मिळाले नसते.

म्हणून मी "बहुतेक थांबव" म्हणते. स्पर्धेत तुला प्रश्न विचारता येत नाही. विचारला तरी उत्तराची वाट बघायला वेळ नसतो, तोवर चाळीस एन्ट्री आलेल्या असतात. तुझं कौशल्य तिथे एकाच कामाला लागतं, अनोळखी माणसाच्या आवडीचा अंदाज बांधायच्या. अंदाज बांधून बांधून हात त्यातच तरबेज होतो. तू लिहिलंस की पहिली रेघ ओढतानाच स्टार दिसतात. ती सवय लागायला आठ महिने लागले. अजून दोन वर्षं हेच केलंस तर ती मोडायला किती वेळ लागेल, मला सांगता येत नाही. आणि आता तर काही मिनिटांत डझनभर लोगो काढून देणारी एआय साधनं कुणाच्याही हातात आहेत. नुसते अंदाजच हवे असतील तर त्यांना यापुढे फारशी किंमत राहणार नाही. त्या डिझायनरचा तो एक प्रश्न मात्र कुठलाही फॉर्म विचारू शकला नव्हता.

आता व्यवहाराचं बोलू. "बहुतेक" म्हटलंय, "कायमचं" नाही. एखादी स्पर्धा तुला मनापासून करावीशी वाटली तर कर, पण नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचून. विजेता निवडला जाईलच अशी हमी आहे का, की पसंत न पडल्यास क्लायंट पैसे परत घेऊन जाऊ शकतो? बऱ्याच ठिकाणी हमी असलेल्या स्पर्धा वेगळ्या दाखवलेल्या असतात, हमी नसेल तर तिकडे फिरकूही नकोस. एन्ट्री एकमेकांना दिसतात की झाकलेल्या असतात? झाकलेल्या असतील तर घुबडांची रांग लागत नाही. आणि हरलेल्या डिझाइनचे हक्क तुझ्याकडेच राहतात ना? नामांकित संकेतस्थळांवर ते राहतात, हक्क फक्त विजेत्या कामाचे आणि पैसे दिल्यावरच जातात. पण ब्रँड स्वतःच्या पानावर ज्या स्पर्धा घेतात त्यात कित्येकदा पाठवलेल्या प्रत्येक कामाचा हक्क त्यांच्याकडे जाईल असं कलम कुठेतरी खाली असतं. तसं दिसलं तर पान बंद कर, बक्षीस कितीही असो. महिन्याला दोनपेक्षा जास्त नकोत, आणि ज्या कंपनीकडे डिझाइनसाठी पैसे आहेत हे तुला दिसतंय तिच्यासाठी तर एकही नको.

ज्या क्लायंटकडे तू जिंकलीस त्याच्याशी पुढे बोललीस का? पत्रात याबद्दल एक अक्षर नाही, आणि मला तर त्रेसष्टांपैकी हीच सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. त्याच्याकडे लोगो आला. आता त्याला लेटरहेड लागेल, पॅकेजिंग लागेल, पाटी लागेल. तो आता तुला ओळखतो, त्याला तुझं काम आवडलं आहे आणि पुढच्या कामासाठी त्याला शंभर जणांतून निवडायची गरज नाही. बऱ्याच संकेतस्थळांवर थेट एका डिझायनरला काम देण्याची सोय असते, तिथूनच विचार. संकेतस्थळाबाहेर परस्पर व्यवहार करायला बहुतेक करारांत मनाई असते, ती मोडू नकोस. "लोगो वापरताना काही अडचण आली का?" एवढं विचारलंस तरी चालेल. कामाची मागणी नंतर येते.

पोर्टफोलिओत त्रेसष्ट लोगो भरू नकोस. तीन निवड. मूळ कंपनीचं नाव काढ आणि प्रत्येकाखाली चार ओळी लिही. अडचण काय होती, तू काय वाचलंस, काय वाट सोडून दिलीस आणि का. ज्या कामात अडचण काय होती हे तुला सांगताच येणार नाही, कारण ब्रीफमध्ये ती नव्हतीच, ते काम बाजूला ठेव. आणि सरावच करायचा असेल तर रात्रीच्या चार तासांतला एक तास एखाद्या ग्रंथालयाला, दवाखान्याला, संस्थेला दे. फुकट दिलास तरी चालेल, पण तुझ्या अटीवर. समोर बसून बोलायचं, तीन बैठका, दोन फेऱ्या बदल, आणि काम संपल्यावर ते कसं चाललं आहे ते बघायला तू परत जाणार. यालाही काही जण फुकटचं काम म्हणतील. पण हे तू स्वतः ठरवून दिलेलं असेल, आणि त्या माणसाला प्रश्न विचारायचा हक्क तुझ्याकडे असेल.

सरांशी बोल. भांडायला नको, आणि माफीही मागू नकोस. त्यांना सांग की स्पर्धा मी कमी करते आहे, पण क्लायंटच्या पहिल्या बैठकीला मला तुमच्यासोबत बसू द्या. नुसतं ऐकायला. स्टुडिओत दोन वर्षं काम करणारी मुलगी अजून क्लायंटसमोर बसलेली नसेल, तर ती स्पर्धेकडे का वळली याचं थोडं उत्तर तिथेही आहे. त्यांना धंद्याची एवढी काळजी आहे तर ते नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं. म्हणालेच, तर मला परत लिही.

भावाला एक गोष्ट सांग. लिनक्स या संगणक प्रणालीचा तो पेंग्विन, टक्स, १९९६ मध्ये लॅरी ईविंग यांनी लोगोच्या स्पर्धेसाठी काढला होता. अशा तीन स्पर्धा झाल्या आणि तो एकही जिंकला नाही. तरी आज जगभर लिनक्स म्हटलं की लोकांना तोच पेंग्विन आठवतो. हरलेलं डिझाइन वाईटच असतं असं नाही, हे मी तुझ्या जोडलेल्या तीन लोगोंबद्दलही म्हणते आहे.

ते तिन्ही मी आज सकाळी छापून टेबलावर ठेवले. पहिला, सायकल दुरुस्तीच्या दुकानाचा, नीटनेटका आहे, पण चाकाचं चिन्ह मी बऱ्याच ठिकाणी बघितलं आहे. तिसऱ्यात अक्षरं फार दाटीवाटीने बसली आहेत, लहान आकारात ती एकमेकांत मिसळतील. दुसरा, मुलांच्या वाचनालयासाठी केलेली पुस्तकाची होडी, माझ्या मनातून जात नाहीये. उघडलेल्या पुस्तकाची कड आणि होडीचा काठ तू एकाच रेषेत आणलास, ते कुणी शिकवून येत नाही. खालची लाट काढून बघ, मला वाटतं होडीला तिची गरज नाही. शिडाचा कोपरा किंचित बोथट कर. आणि मला एक सांग, होडी उजवीकडे चालली आहे, ती कुठे चालली आहे? हे तू ठरवलं होतंस, की हात आपोआप तिकडे वळला? त्या वाचनालयात मुलं आत येताना डावीकडून येतात की उजवीकडून, हे तुला विचारता आलं असतं तर तू ती कशी काढली असतीस?

काढून पाठव. मी वाट बघते.

तुझी,
ताई